रीळ न फिरवता

(प्रस्तावना)

घरात ध्वनिमुद्रण शिकायचं असेल तर सुरुवात तंबोऱ्यापासून करावी, असं मी भेटेल त्याला सांगत आले आहे. तबल्याची चाट कुठल्याही माईकवर उमटते, पेटी खोली भरून टाकते, सतारीची नखी स्वतःच वाट काढते. तंबोरा तसा नाही. भोपळ्याला कान लावला तर आत घुमणारी विहीर, आणि चार पावलं मागे सरकलं तर नुसता भास. तो ज्याला नीट उतरवता आला त्याला बाकीची वाद्यं जड जात नाहीत.

अडचण किती मोठी आहे ते आकड्यांत पाहू. साधा डायनॅमिक माईक ९४ डेसिबलच्या आवाजाला सुमारे दोन मिलिव्होल्ट देतो. ९४ डेसिबल म्हणजे माईक तोंडाशी धरून साध्या आवाजात बोलणं. फूट-दीड फुटावरचा तंबोरा ६० डेसिबल धरला, तर त्या दोन मिलिव्होल्टचा पन्नासावा हिस्साच हाती लागतो, म्हणजे चाळीस मायक्रोव्होल्ट. पुढे पाठवायला लागतो साधारण सव्वा व्होल्ट. म्हणजे तीस हजार पट वाढ! शिवाय माईकच्या आतल्या तारेत केवळ खोलीच्या उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची धावपळ चालू असते. १५० ओहमच्या माईकमध्ये ती ०.२२ मायक्रोव्होल्टच्या आसपास भरते आणि कितीही पैसे मोजले तरी ती टळत नाही. हे चाळीस आणि ते ०.२२ यांच्या मधल्या जागेत खर्जाची गाज, जोडाच्या तारा, जवारीचे सगळे रंग आणि तार सुटल्यानंतरची शांतता बसवायची असते. ही पहिली वाढ करतो तो प्रीॲम्प. आवाज पुढे कुठेही मोठा करता येतो, पण पहिल्या टप्प्यात शिरलेली खरखर शेवटपर्यंत सोबत येते, आणि ती संगणकावर पुसायला गेलं की तिच्याबरोबर जवारीही खरवडली जाते.

हे पुस्तक जुन्या टेपयंत्रांच्या प्रीॲम्पविषयी आहे. यंत्रातलं रीळ फिरवायचं नाही. त्याच्या पोटात माईकसाठी जो भाग बसवलेला असतो तेवढाच वापरायचा आणि तिथून निघणारा आवाज आजच्या संगणकात घ्यायचा. जगभर अनेक ध्वनिमुद्रक हे करत आले आहेत. मराठीत त्याबद्दल सलग लिहिलेलं मला मिळालं नाही, आणि आपल्या वाद्यांच्या अंगाने तर कुठेच मिळालं नाही, म्हणून हा खटाटोप.

माझ्या हाती पहिलं यंत्र आलं ते मामांचं. जर्मन बनावटीचं ग्रुंडिग, लाकडी पेटीतलं, व्हॉल्व्हचं. साठ-सत्तरच्या दशकांत पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत अशी यंत्रं परदेशातून कुणाकुणाच्या हातून आली. मालकांनी ती बैठकांना खांद्यावरून नेली, गाणाऱ्याची परवानगी काढून सतरंजीच्या कडेला मांडली आणि रात्रभर त्यांच्याशेजारी जागून गाणं उतरवलं. मामा त्यांच्यातले. ते गेल्यावर यंत्र माझ्याकडे आलं तेव्हा आतले रबरी पट्टे वितळून डांबरासारखे झाले होते आणि मोटर जाम होती. रीळ फिरायची शक्यता नव्हती. पण व्हॉल्व्ह पेटत होते. माईक जोडून, मागच्या पाच पिनांच्या सॉकेटमधून आवाज बाहेर काढून मी हेडफोन कानाला लावला आणि खोलीत तंबोरा छेडला.

जे ऐकू आलं त्याला चांगलं म्हणता येणार नव्हतं. खाली ५० सायकलची गुणगुण, वर पावसासारखी सूं. सकाळचे सहा वाजले होते, आणि दोन्हींच्या मधून आकाशवाणीच्या बातम्या ऐकू येत होत्या. माईकच्या लांब तारेची जाळी एका टोकाला तुटलेली होती, त्यामुळे ती तार एरियलचं काम करत होती आणि पहिला व्हॉल्व्ह रेडिओचं. तरीही त्या सगळ्या गोंगाटामागे खर्ज होता, आणि तो माझ्या स्वच्छ, नव्या, छोट्या संगणकी पेटीतून (ऑडिओ इंटरफेसमधून) कधी आला नव्हता असा आला होता. पसरट नाही, गोल. तो तसा का आला हे शोधण्यात पुढची काही वर्षं गेली. आधी तार दुरुस्त झाली, मग गुणगुण गेली, मग सूं कमी झाली. शेवटी त्या गोलपणाचं कारणही सापडलं, आणि ते मी समजत होते त्याहून वेगळं निघालं.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण यंत्रांच्या रचनेत तो दिसतो. टेपवर ध्वनिमुद्रण करणारं पहिलं व्यवहार्य यंत्र, मॅग्नेटोफोन, जर्मनीच्या एईजीने १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडलं. १९४० साली वॉल्टर वेबर यांनी टेपवर आवाजासोबत अतिउच्च कंपनांचा प्रवाह, म्हणजे बायस, देण्याची युक्ती शोधली आणि टेपचा आवाज एकाएकी स्वच्छ झाला. युद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकी सैन्यातल्या अभियंत्याने अशी दोन यंत्रं सुटी करून मायदेशी पाठवली आणि १९४६ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत ती ऐकवली. गायक बिंग क्रॉस्बी यांना रेडिओवरचा कार्यक्रम दर आठवड्याला थेट गाण्याच्या जाचातून सुटका हवी होती. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या अँपेक्स नावाच्या छोट्या कारखान्यात पैसे घातले, आणि १९४८ साली अँपेक्सची पहिली यंत्रं बाहेर पडली. पुढे पन्नासच्या दशकात तिथेच ३५० आणि ३५१ ही यंत्रं झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांत रिळं फिरवणारा भाग वेगळा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डबा वेगळा होता. यंत्र मोडीत निघालं तरी डबा उरे. स्टुडिओंतले तंत्रज्ञ तो उचलून रॅकमध्ये बसवू लागले, आणि टेपयंत्राचा प्रीॲम्प टेपशिवाय वापरायची चाल रुळली.

युरोपात वाट वेगळी होती. स्वित्झर्लंडमध्ये विली श्टुडर यांनी १९४८ साली कारखाना काढला. त्यांचं स्टुडिओतलं यंत्र श्टुडर, आणि घरातलं रेवॉक्स. १९६७ चं रेवॉक्स ए७७ हे ट्रान्झिस्टरवरचं, तीन हेडचं, पंधरा किलोचं यंत्र आजही जुन्या बाजारात सापडतं, आणि नवशिक्याने पहिलं यंत्र घ्यायचं तर मी त्याचंच नाव घेईन. याच देशात पोलंडहून आलेल्या स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ पासून नाग्रा यंत्रं बनवली. पोलिश भाषेत ‘नाग्रा’ म्हणजे ‘तो ध्वनिमुद्रित करेल’. नाव इतकं सरळ आणि भविष्यकाळात ठेवणारा माणूस मला फार आवडतो. १९५८ चं नाग्रा ३ बारा मोठ्या सेलवर चाले, आणि सिनेमाचं ध्वनिमुद्रण स्टुडिओबाहेर पडण्यात त्याचा मोठा हात आहे. मोटारीची गुणगुण नाही, विजेच्या तारांशी संबंध नाही, माईकच्या टप्प्यावर अपार मेहनत. नाग्राचा प्रीॲम्प ज्याला मिळेल त्याने या पुस्तकातली निम्मी प्रकरणं वगळली तरी चालेल.

आता मुख्य मुद्दा. तो एकदा पटला की बाकीचं पुस्तक त्याचाच विस्तार आहे. टेपयंत्राचा प्रीॲम्प ही पूर्ण वस्तू नाही. ते जोडीतलं एक माणूस आहे. दुसरं माणूस म्हणजे टेप. बनवणाऱ्याने दोघांचे स्वभाव एकमेकांत बसवून यंत्र रचलं. हेड आणि टेप मिळून वरचे स्वर खातात, म्हणून मुद्रणाच्या वेळी वरचे स्वर आधीच चढवलेले असतात. वाजवताना हेडमधून खालचे स्वर क्षीण येतात, म्हणून तिथे खालचे स्वर उचललेले असतात. शिवाय टेपची स्वतःची सूं असते. चांगल्या यंत्रावरही खऱ्या आवाजापेक्षा ती साठ-पासष्ट डेसिबल खाली असे, त्यामुळे माईकच्या टप्प्याची खरखर तिच्याहून थोडी कमी ठेवली की बनवणाऱ्याचं काम भागे. त्याहून खाली न्यायचं त्याला कारणच नव्हतं. आपण टेप काढून घेतली की या सगळ्या तडजोडी उघड्या पडतात. चढवलेले वरचे स्वर कुणी खात नाही, आणि जी खरखर टेपच्या पावसात लपून जायची ती चोवीस बिटांच्या शांततेत एकटी उभी राहते.

म्हणून जुना प्रीॲम्प वापरण्यातलं सगळं कौशल्य आवाज नेमका कुठून बाहेर काढायचा या एका प्रश्नात आहे. माईकनंतरचा पहिला टप्पा सरळ असतो, तो स्वरांत फेरफार करत नाही. त्याच्यानंतर आवाज कमीजास्त करायचं बटण येतं. त्याच्याही पुढे जो मुद्रणाचा टप्पा आहे तिथे वरचे स्वर चढतात आणि बायसची कंपनं मिसळतात. आवाज तिथून घेतला तर तंबोरा पत्र्यासारखा वाजतो, आणि ‘जुन्या यंत्रात काही दम नाही’ असं म्हणत माणूस ते परत माळ्यावर टाकतो. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. उलट चूक म्हणजे माईक थेट वाजवण्याच्या हेडच्या जागी जोडणं. तिथे वाढ भरपूर मिळते, पण खालचे स्वर इतके उचलले जातात की भोपळा सोडून दुसरं काही ऐकू येत नाही. तीन हेडच्या यंत्रात बनवणाऱ्याने आपली सोय आधीच करून ठेवलेली आहे. ए७७ वर ‘इनपुट’ आणि ‘टेप’ असं निवडायचं बटण असतं. इनपुटवर ठेवलं की माईकचा आवाज टेपकडे न जाता थेट बाहेर येतो. यंत्र उघडावंही लागत नाही. दोन हेडच्या घरगुती यंत्रांत, मामांच्या ग्रुंडिगसारख्या, एकच ॲम्प्लिफायर दोन्ही कामं करतो, आणि काहींमध्ये तर स्पीकर वाजवणारा व्हॉल्व्हच मुद्रणाच्या वेळी बायस तयार करायला जुंपलेला असतो. तिथे नकाशा वाचता आला पाहिजे. तिसरं प्रकरण त्यासाठीच आहे आणि ते मुद्दाम सावकाश लिहिलं आहे.

आता त्या गोल खर्जाकडे वळते. मला वाटलं होतं की ही व्हॉल्व्हची करामत. ‘व्हॉल्व्हची ऊब’ हा शब्द इतका वापरला गेला आहे की त्यातून काही कळेनासं झालं आहे, म्हणून या पुस्तकात मी तो टाळला आहे. घडतं ते असं. व्हॉल्व्हचा एकेरी टप्पा थोडा ताणला की मूळ स्वरात त्याच्या दुप्पट कंपनांचा स्वर मिसळतो. माईकच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर असेल तर खालच्या मोठ्या स्वरांवर त्याचा लोखंडी गाभा भरून येतो आणि तिप्पट कंपनांचा स्वर मिसळतो. ध्वनिशास्त्रात याला विकृती म्हणतात. पण गाणाऱ्याच्या कानाने पाहा: दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला सा, तिप्पट म्हणजे त्याच सप्तकातला पंचम. ही विकृतीसुद्धा सुरात लागलेली आहे! माझ्या बाबतीत मोठा वाटा ट्रान्सफॉर्मरचा निघाला. खर्जाच्या तारेचा पहिला धक्का तो किंचित दाबत होता आणि त्यावर पंचमाची पुसट सावली टाकत होता. व्हॉल्व्ह बदलून पाहिले तर फरक थोडा पडला. ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर खोलीच बदलल्यासारखी झाली.

यातून जी गोष्ट पुढे आली ती मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मौल्यवान वाटते. दोन स्वर एकदम ताणलेल्या प्रीॲम्पमधून गेले की त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकीही थोडी थोडी आवाजात उतरते. आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत षड्ज २४० धरायची रीत आहे, तीच पुढे नेऊ. तंबोऱ्याचा खर्ज १२०, पंचमाची तार १८०. बेरीज ३००, म्हणजे नेमका शुद्ध गंधार. वजाबाकी ६०, पुन्हा षड्जच. तारा सुरेल लागल्या असतील तर तंबोऱ्यातले सगळे स्वर ६० च्या पटीत असतात आणि त्यांच्यातून जन्मणारे मिश्रस्वरही त्याच पटीत बसतात. कुणाशी कुणाचं भांडण होत नाही. तंबोऱ्यातला गंधार ऐकायला आपण आयुष्य घालवतो, आणि हे जुनं यंत्र त्यालाच हळूच दुजोरा देतं.

आता त्याच प्रीॲम्पसमोर पेटी ठेवा. पेटीचे सूर समान अंतराने लावलेले असतात. तार षड्ज ४८० धरला तर तिचा गंधार ६०० वर नाही, ६०४.८ वर येतो. साथीदाराने सा आणि ग एकदम दाबले की वजाबाकी होते १२४.८. मागे तंबोऱ्याचा खर्ज चालू आहे १२० वर. हे दोन स्वर एकमेकांवर सेकंदाला जवळजवळ पाच वेळा आपटतात. हा मिश्रस्वर फार मोठा नसतो, पण प्रीॲम्प जितका ताणावा तितका तो वर येतो, आणि सगळं गढूळ का वाटतं आहे ते कळत नाही. म्हणून माझा नियम असा: जुन्या यंत्रातून तंबोरा, सतार, सारंगी, बासरी जरूर घ्या, थोडी ताणूनही घ्या. पेटी घ्यायची तर आवाजाचं बटण बरंच खाली ठेवा, नाहीतर ती सरळ नव्या, कोऱ्या प्रीॲम्पकडे द्या. इंग्रजी पुस्तकांत हे सापडत नाही, कारण तिथे गिटार आणि पियानो दोन्ही समान सुरांचेच असतात आणि त्यांच्या मागे तंबोरा नसतो.

डग्ग्याबद्दल एवढंच, की त्याचा घुमारा ट्रान्सफॉर्मरला फार आवडतो आणि त्या प्रेमात मींड सपाट होते. माईक एक वीत मागे न्या. सतारीच्या तरफांसाठी रिबन माईक आणि ट्रान्सफॉर्मर ही जोडी मला सर्वांत पसंत आहे. त्याविषयी सहावं प्रकरण आहे.

खोटी आशा लावायची नाही म्हणून हेही सांगते. आज मिळणारी साधी, मध्यम किमतीची संगणकी पेटी खरखरीच्या बाबतीत मामांच्या ग्रुंडिगला सहज मागे टाकते. खोली शांत नसेल, माईक चुकीच्या जागी असेल, तंबोऱ्याच्या जिवा (तारांखालचे धागे) नीट बसलेल्या नसतील तर कुठलंही यंत्र काही करू शकत नाही. १९८२ चा ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा ‘नेब्रास्का’ हा संग्रह न्यू जर्सीतल्या घरात, टास्कॅमच्या चार ट्रॅकच्या कॅसेटयंत्रावर, दोन साध्या डायनॅमिक माईकांनी मुद्रित झाला. ते यंत्र १९७९ साली बाजारात आलेलं, घरगुती वापराचं. त्यातला प्रीॲम्प कुणी जपून ठेवावा असा नव्हता. गिटार, तोंडाचा बाजा आणि गळा इतके जवळ आणि इतके खरे होते की मागची सूं कुणाला टोचली नाही. प्रीॲम्पची पायरी चौथी. आधी वाजवणारा, मग वाद्य, मग खोली आणि माईकची जागा. मी चौथ्या पायरीवर पुस्तक लिहिते आहे ते पहिल्या तीन चढून झाल्यावर पुढे काय असतं हे मला कळलं म्हणून.

खोलीबद्दल दोन शब्द. मी पुण्यात डेक्कनच्या मागच्या गल्लीत राहते. दिवसा इथे रिक्षा, कुकर, वरच्या मजल्यावरचं पाण्याचं मशीन, आणि वसंतात कोकिळा. ध्वनिमुद्रण होतं ते रात्री दोन ते चार. पंखा बंद, फ्रिज बंद (आणि तो परत चालू करायची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये), खिडक्यांना गोधड्या. लोकरी गोधडीपेक्षा जुन्या सुती लुगड्यांची, सात-आठ पदरांची जड गोधडी जास्त उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. उकाडा होतो. तंबोरा उतरतो. दर वीस मिनिटांनी थांबून तो पुन्हा लावावा लागतो, आणि ते थांबणं मला आता मुद्रणाचाच भाग वाटतं.

सुरक्षेविषयी मात्र घाई नको. व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात, आणि यंत्र बंद करून पिन काढली तरी कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ राहतात. दुसरं प्रकरण पूर्ण वाचल्याशिवाय कुणीही झाकण उघडू नये. वर्षानुवर्षं पडून असलेलं यंत्र थेट २३० व्होल्टला लावू नका. आपल्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांची सिरीज बल्बची पद्धत सर्वांत शहाणी आहे: यंत्राच्या ओळीत साठ वॅटचा तारेचा बल्ब जोडायचा. तो भगभगून पेटला की आत कुठेतरी शॉर्ट आहे, मंद राहिला की पुढे जायला हरकत नाही. मेणकागदी कपॅसिटर आणि सुकलेले इलेक्ट्रोलायटिक न विचारता बदला. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घाला आणि अर्थिंग तपासा, कारण त्या पत्र्याला माईकची जाळी जोडलेली आहे आणि माईकसमोर माणूस बसणार आहे. अमेरिकी यंत्राला ११७ व्होल्टचा स्टेपडाऊन लागतो. (त्यातल्या सिंक्रोनस मोटारी ६० सायकलच्या. आपल्या ५० सायकलवर त्या पाच-षष्ठांश वेगाने फिरतात, म्हणजे गाणं कोमल गंधाराइतकं खाली उतरतं. रीळ न फिरवणाऱ्यांना ही चिंता नाही.) शेवटच्या जोडणीतली एक बारीक गोष्ट: ६०० ओहमचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेलं यंत्र आजच्या दहा हजार ओहमच्या इनपुटला जोडलं की वरचे स्वर उगाच चमकतात. बाहेरच्या दोन तारांमध्ये ६०० ओहमचा रोध घातला की ते शांत होतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत तो रोध काही रुपयांत मिळतो. मला ही गोष्ट कळायला दीड वर्ष लागलं.

एक विनंती आहे, आणि ती मनापासून आहे. तुमच्या हाती आलेलं यंत्र अजून चालत असेल, रीळ फिरत असेल, तर त्याचा प्रीॲम्प काढायला स्क्रूड्रायव्हर उचलू नका. आधी त्या घरातली रिळं शोधा. यंत्र जिथे असतं तिथे जवळपास रिळंही असतात. कपाटाच्या वरच्या फळीवर, ट्रंकेत, कधी गादीखाली. खोक्यावर पेन्सिलीने रागाचं नाव आणि तारीख असते, कधी तेवढंही नसतं. त्यांतल्या पुष्कळ बैठका दुसऱ्या कुठेही उतरवलेल्या नाहीत. त्या ज्या यंत्रावर उतरल्या त्याच यंत्रावर बहुधा सर्वांत नीट वाजतात, कारण हेडचा कोन तोच असतो. आधी त्या संगणकात घ्या, दोन प्रती करा, एक घराबाहेर ठेवा. मग यंत्राचं काय करायचं ते ठरवा. मामांच्या ग्रुंडिगच्या बाबतीत मी हे उलट्या क्रमाने केलं. प्रीॲम्प काढून, डबा बनवून, पहिला तंबोरा घेऊन झाल्यावर चार महिन्यांनी मामींनी सतरा रिळं आणून दिली. ती वाजवायला मला तसंच दुसरं ग्रुंडिग शोधावं लागलं, आणि सतरापैकी पाच रिळांवरचा आवाज अजून पूर्ण उघडलेला नाही.

त्या सतरांपैकी एका रिळाची सुरुवात फक्त तंबोऱ्याची आहे. गाणारं अजून बसायचं आहे. कुणीतरी खाकरतं, कपबशा वाजतात, आणि मामा माईकजवळ येऊन अगदी हळू आवाजात तारीख सांगतात. मग तंबोरे लागत राहतात, सलग सहा मिनिटं. पहिलं प्रकरण त्या सहा मिनिटांबद्दल आहे: माईक कुठे असावा, यंत्र किती ताणलेलं असावं, आणि ते सगळं आज आपल्या खोलीत पुन्हा कसं मांडायचं.